पाण्याखालचा बंगला आणि दोन खणांचं घर

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आजीच्या तोंडून ही म्हण मी इतक्यांदा ऐकली की तिचा अर्थ विचारावा असं कधी वाटलंच नाही. शोधत गेलं तर मोठेपणाच्या मुळाशी काहीतरी अगदी साधं, कधी लाजिरवाणंही निघतं. तेव्हा हात जोडावेत आणि पुढं जावं, एवढा तिचा सरळ अर्थ. पण म्हणीनं दोनच गोष्टी सांगितल्या, तिसरी राहिली. माणसानं आपल्या सुखाचं मूळ शोधावं का? लहानपणी ज्या जागी आपण पोटभर सुखी होतो ती जागा म्हातारपणी हुडकत गेलं, तर हाती काय लागतं? आणि जे लागतं ते आपलं असतं का?

हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकानं घातलेला नाही. भीमेकाठच्या एका सरकारी बंगल्यानं घातला, आणि तोही त्या बंगल्यावरून पन्नास वर्षं पाणी वाहून गेल्यावर.

आमचं घर बारामतीचं. अण्णा शाळेत मास्तर, थोरले काका बांधकाम खात्यात ओव्हरसियर. इंदापूर तालुक्यात भीमेच्या अगदी काठावर खात्याचा एक तपासणी बंगला होता. आसपासची माणसं त्याला डाक बंगला म्हणत. मे महिन्यात उन्हाच्या भीतीनं मोठे साहेब तिकडं फिरकत नसत. म्हणून काकांना तेव्हा तो रीतसर भाडं भरून दहा-बारा दिवस मिळायचा. १९६३ पासून १९७१ पर्यंत, एखाददुसरं साल सोडलं तर, आमची सगळी सुट्टी तिथं गेली. दोन्ही घरांची मिळून अकरा माणसं, पितळी डबे, वळकट्या, आंब्याची एक पेटी आणि अण्णांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा. सोलापूर रस्त्याच्या फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि तिथून पुढं बैलगाडी.

बंगला म्हणजे काही राजवाडा नव्हता. काळ्या दगडाचं जोतं, चढायला पाच पायऱ्या, तीन बाजूंनी व्हरांडा, मधे दोन मोठ्या खोल्या आणि वर मंगळुरी कौलं. पुढ्यात एक जुनी चिंच. मे महिन्यात भीमा म्हणजे रुंद वाळवंट आणि मधे मधे डोह. वाळूत कलिंगडाच्या वाड्या असायच्या. पाठीला वाळका भोपळा बांधून आम्ही डोहात पोहायला शिकलो. प्यायचं पाणी वाळूत झिरा उकरून काढायचं. हात-दीड हात उकरलं की तळाशी पाणी पाझरायचं, आधी गढूळ, मग नितळ, काचेसारखं. त्या पाण्याची चव मला अजून सांगता येईल. रात्री व्हरांड्यात ओळीनं अंथरुणं पडायची आणि पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी मळ्यात मोट सोडल्यावर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायचा.

बंगल्याच्या चौकीदाराला आम्ही मामा म्हणायचो आणि त्याच्या बायकोला मामी. चौकीदार, स्वयंपाकी, माळी, पाणक्या ही सगळी कामं ती दोघंच करायची. पगार मात्र एकट्या मामाच्या नावावर होता. त्यांची थोरली मुलगी आक्का, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. झिऱ्याचं पाणी आमच्यासाठी ती आणायची, डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेऊन. दुपारी काम सरलं की चिंचेखाली माझ्याशी सागरगोटे खेळायची आणि दर खेपेला जिंकायची.

मग ७२ चा दुष्काळ आला. त्यानंतर काकांची बदली झाली. खाली माढ्याच्या बाजूला उजनीला धरणाचं काम चाललंच होतं. १९८० च्या सुमाराला धरण पुरं झालं, आणि त्याआधीच पाणी मागं मागं सरकत आमच्या वाळवंटावर आलं होतं. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत, माढा या तालुक्यांतली कितीतरी गावं उठली. बंगलाही गेला. बातमी घरी कळली त्या दिवशी आई फक्त एवढंच म्हणाली, ‘‘चिंचेला या वर्षी फार आकडे धरले असतील गं.’’

नोकरीत असताना मनात असूनही शोध घेणं जमलं नाही. निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला आणि माझ्या भाच्याला या कामात रस वाटला. त्याची पद्धत अशी की आधी पुरावे गोळा करायचे, मग पाऊल उचलायचं. अण्णांच्या कॅमेऱ्यात एका रोळात बारा फोटो निघत. त्यातले सव्वीस फोटो आमच्या पत्र्याच्या पेटीत अजून होते. त्यांत जोतं, पायऱ्या, चिंच आणि नदीचं वळण दिसत होतं. दुसरा पुरावा सर्वेक्षण खात्याचा जुना नकाशा, एक इंचाला एक मैल या मापाचा. त्यावर नदीच्या काठी एक बारीक काळा चौकोन आणि शेजारी ‘आय. बी.’ अशी दोन इंग्रजी अक्षरं, म्हणजे तपासणी बंगला. तिसरा पुरावा काकांची डायरी. फाट्यापासून किती मैल, गाडीवानाला किती पैसे, सगळं तिच्यात लिहिलेलं. चौथा पुरावा आताच्या काळातला. उपग्रहानं काढलेली चित्रं संगणकावर वर्षावर्षानं मागं नेऊन बघता येतात. २०१९ च्या उन्हाळ्यातल्या चित्रात, नकाशावरचा चौकोन जिथं यायला हवा बरोबर तिथं, करड्या गाळात एक फिकट आयत दिसत होता.

‘‘मावशी, सापडला,’’ भाचा म्हणाला. ‘‘फक्त पाणी तेवढं खाली जायला पाहिजे.’’

पाणी खाली जायला पाहिजे, या चार शब्दांपाशी मी अडले. उजनीचा हिशेब इतर धरणांपेक्षा वेगळा आहे. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात धरलेलं. तेव्हा वर्तमानपत्रात ‘उजनी शून्यावर’ असं येतं त्याचा अर्थ धरण कोरडं पडलं असा नसतो. उपयुक्त पाणी संपलं, एवढाच असतो. त्याच्या खाली गेली की उजनी उणे होते. आमचा बंगला नदीच्या काठाचा, म्हणजे धरणाच्या पोटात खोल. उणे पन्नासच्याही खाली गेल्याशिवाय तो दिसायचा नाही. आणि उजनी तेवढी खाली जाते तेव्हा सोलापूर शहराला नदीतून सोडायच्या पाण्याची ओढाताण होते, नळाचं पाणी आणखी लांबतं, कालव्यावरचा ऊस वाळतो, काठच्या शेतकऱ्यांच्या मोटारींना पाइपांवर पाइप जोडावे लागतात. म्हणजे मला माझं बालपण दिसायला हवं असेल, तर चार तालुक्यांच्या घशाला कोरड पडायला हवी.

२०२३ चा पाऊस कमी झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्या खाली गेली. पळसदेवला पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं आणि लोक गाड्या करकरून ते बघायला जाऊ लागले. त्या लोकांना नावं ठेवणारेही पुष्कळ होते. दुष्काळात जत्रा कसली करता, असं. मला दोन्हीकडचं म्हणणं कळत होतं. दुष्काळ आपण मागून घेतलेला नाही. तो आला आणि त्यानं एक दार उघडलं, तर आत डोकवावं की नाही? डोकवावं, असं माझं मत. घरातलं माणूस गेल्यावर तेराव्या दिवशी आपण त्याची जुनी पेटी उघडतोच, त्यात काही पाप नाही. पण पेटी उघडताना आपला आवाज लहान होतो. तेवढं भान असलं की पुरे.

जायच्या आधी मी आक्काचा पत्ता काढला. बंगल्याच्या जागी जायचं तर तिच्याशिवाय कशाला जायचं? नव्या गावठाणात ती मुलाकडं राहते. सत्तरी ओलांडली आहे, नजर अधू झाली आहे, चाल मात्र तशीच. मला बघून म्हणाली, ‘‘या ताई. तुमी आलात व्हय.’’ मी म्हटलं, ‘‘आक्का, अहो, पूर्वी तुम्ही मला अगं-तुगं करायचात की.’’ ती हसली. ‘‘ते चिंचंखाली. आईसमोर न्हाई.’’

तिच्या मुलाचा मासेमारीचा धंदा. धरणातली चिलापी भिगवणच्या बाजारात नेऊन घालतो. पाणी आटलं की त्याचाही धंदा अडचणीत. तरी त्यानं आम्हाला होडीतून पलीकडं नेलं आणि पुढं तासभर आम्ही भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. काठाकाठानं लोकांनी गाळपेर केली होती, तिचे हिरवे पट्टे होते. त्याच्या खाली सगळं करडं. आणि मग जोतं दिसलं.

खरंच दिसलं. काळा दगड तसाच, सांधे शाबूत, पाचांपैकी तीन पायऱ्या गाळाच्या वर. चिंचेचं एक खोड, दगडासारखं झालेलं. भाच्यानं टेप लावून मापं घेतली, फोटोंशी पडताळली. मी दुसऱ्या पायरीवर बसले. काय वाटलं ते सांगायचं तर, वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाटलं. डोह नव्हता, वाळू नव्हती, आई-अण्णा नव्हते. जागा सापडली होती, पण जिच्यासाठी जागा शोधली ती वेळ काही तिथं नव्हती. शोधणाऱ्याला हा पहिला धडा मिळतो, आणि तो बहुतेक सगळ्यांना मिळत असावा.

दुसरा धडा आक्कानं दिला. ती जोत्यावर चढलीच नाही. बंगल्याच्या मागं पंचवीस-तीस पावलं चालत गेली आणि नुसत्या सपाट गाळात उभी राहिली. म्हणाली, ‘‘हितं.’’

‘‘काय?’’ भाच्यानं विचारलं.

‘‘आमचं घर. दोन खण. हितं चूल, हितं बापाची बाज, ह्या अंगाला शेळी.’’

पायाच्या अंगठ्यानं ती गाळात रेघ ओढत होती. भाचा टेप घेऊन गेला, पण मापायला काही नव्हतंच. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर धाब्याचं माळवद. जुन्या लोकांच्या भाषेत शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीची माती घराला चांगली, उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार. पण पाण्यापुढं तिचं काही चालत नाही. ‘‘पयल्या वर्साला इरगाळलं बगा,’’ आक्का म्हणाली. ‘‘आमी वरच्या टेकाडावरून बघत व्हतो. बंगल्याच्या आदी आमचं घर बसलं. भिताड कसं, गुळाचा खडा च्यात पडावा तसं.’’

त्या संध्याकाळी मी आमचे पुरावे मनात पुन्हा एकदा मांडले. दगडी जोतं उरलं, कारण सरकारनं ते दगडात बांधलं होतं. नकाशावर बंगल्याला दोन अक्षरं मिळाली. तीस पावलांवरच्या घराला ठिपकासुद्धा नाही. काकांच्या डायरीत गाडीवानाचे पैसे आहेत, कारण ते द्यायचे होते. मामीच्या कामाला पैसे नव्हते म्हणून तिथं तिचं नाव नाही. आणि अण्णांचे सव्वीस फोटो? रोळात बाराच फोटो, तेव्हा प्रत्येक फोटो जपून काढायचा. आम्ही अकराच्या अकरा जण त्यांत पुन्हा पुन्हा आहोत. मामा-मामी एकाही फोटोत नाहीत. एका फोटोच्या कडेला काकणं भरलेला एक हात दिसतो, हातात किटली. हात कोपरापाशी संपतो.

चार साक्षीदार, आणि चौघांची साक्ष जुळते. कोर्टात अशी केस सहज टिकेल. पण चौघे साक्षीदार एकाच घरचे आहेत. त्यांच्यात खोटं कुणी बोलत नाही. मात्र प्रत्येकाला जेवढं दिसायचं होतं तेवढंच त्यानं पाहिलं. आपण म्हणतो, शोधलं की खरं सापडतं. मला आता वाटतं, शोधलं की टिकलेलं सापडतं. खरं आणि टिकलेलं या दोन गोष्टी एकच आहेत असं धरून चालणं सोयीचं असतं, म्हणून आपण तसं धरतो. दगडात बांधायची ऐपत, कागदावर नोंद करायचा अधिकार, फोटो काढायचा कॅमेरा ही ज्याच्याकडं असतात त्याचंच सुख पुढं सापडतं. बाकीच्यांचं विरघळून जातं.

नुकसानभरपाईतही हेच झालं. महाराष्ट्रानं १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. असा कायदा करण्यात आपलं राज्य देशात पुढं होतं, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण कुठलाही कायदा आधी विचारतो, कागद कुठाय? ज्याचा सातबारा त्याला जमीन, ज्याच्या नावावर घर त्याला घराचे पैसे. मामाचं घर सरकारी जागेत. आक्काच्या शब्दांत, ‘‘जागा सरकारची, बंगला सरकारचा, मंग पैसं कुणाला? आमी चुलत्याच्या जाग्यात पत्रा मारला.’’ बंगल्याच्या सागवानी दारांचा आणि कौलांचा लिलाव झाला. मामाच्या घराची तुळई तेवढी त्यानं स्वतः काढून खांद्यावरून नेली.

परतीच्या वाटेवर भाच्यानं एक मुद्दा काढला, आणि तो टाकाऊ नाही. तो म्हणाला, ‘‘मावशी, तू तेव्हा सहा-सात वर्षांची. तुझ्या सुखात तुझा काय दोष? आणि आठवण ही ज्याची त्याची खासगी गोष्ट. तिला न्यायनिवाडा कशाला लावायचा? असं केलंस तर कुणालाच आपलं बालपण आनंदानं आठवता येणार नाही.’’

दोष नाहीच, हे मलाही मान्य. डोहात पोहणाऱ्या पोरीकडून हिशेबाची अपेक्षा कोण करेल? आईच्या हाताला घट्टे होते म्हणून तिच्या हातची भाकरी कडू होत नाही. झिऱ्याचं पाणी गोडच होतं, ते कुणीही आणलं असलं तरी. पण आठवण जोवर मनात आहे तोवरच ती खासगी. मी नकाशा आणला, टेप लावला, लोकांना सांगितलं की इथं बंगला होता. त्या क्षणी तिची नोंद झाली. आणि नोंद खासगी नसते. उद्या माझ्या नातवंडांना त्या जागेचं जे काही कळेल ते मी मांडलं तेवढंच. तेव्हा सुख आठवायला कुणाची परवानगी नको. मात्र त्याची नोंद करताना, त्या सुखाला ज्यांचे हात लागले त्यांना विचारणं हे देणं आहे. भाड्याची पावती काकांनी घेतली होती. ती पावती खोल्यांची होती, पाणी आणणाऱ्या हातांची नव्हती.

इथवर लिहून थांबले असते तर लेख सोपा झाला असता. बंगल्यात आम्ही सुखी, मागच्या घरात ते दुःखी, असं ठरवून मोकळं होता आलं असतं. पण हेही एक प्रकारे न विचारणंच झालं असतं. म्हणून मी आक्काला सरळ विचारलं, ‘‘बंगला गेला त्याचं तुम्हाला काय वाटलं?’’

‘‘आईला बरं वाटलं,’’ ती म्हणाली. ‘‘पाव्हणं आलं की तिचं कंबरडं मोडायचं. तुमचं काका चांगलं व्हतं, वरडायचं न्हाईत. पर अकरा मानसांची धुनी ती धुनीच.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘मला मातुर वाईट वाटलं. तुमी गेल्यावर आमची सुट्टी सुरू व्हायची न्हवं.’’

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. जूनचा पहिला पाऊस पडला की साहेब लोक दिवाळीपर्यंत फिरकत नसत. धाब्याचं घर गळायला लागलं की मामा सगळ्यांना घेऊन बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात झोपायला यायचा. कौलांवर पाऊस वाजायचा, समोर नदी फुगत जायची. पाणी कितव्या पायरीवर आलं ते बघून मामा वरच्या वस्तीला आरोळी द्यायचा. पानशेत फुटलं त्या साली आठ वर्षांची आक्का रात्रभर जागून पायऱ्या मोजत होती. ‘‘चौथी बुडली, पाचवी ऱ्हायली,’’ तिनं बोटं दाखवत सांगितलं. पावसाळ्यात चिंचेच्या झोक्यावर तिचंच राज्य. थोरला भाऊ साहेबांच्या खुर्चीत बसून साहेबांसारखा खाकरायचा आणि मामी तोंडाला पदर लावून हसायची.

नऊ उन्हाळे मिळून आमचे त्या बंगल्यात शंभरेक दिवस झाले असतील. तिचा तिथं जन्म झाला आणि लग्न होईपर्यंतचे सगळे पावसाळे तिथं गेले. मी बंगल्याला कोरड्या नदीसकट ओळखत होते, ती भरलेल्या नदीसकट. पूर कुठवर येतो हे जिला माहीत, तिला बंगला जास्त माहीत. तो हुडकायला मी चार पुरावे घेऊन गेले. तिला एकाचीही गरज पडली नाही, गाळात ती सरळ चालत गेली.

मग त्या बंगल्यावर हक्क कुणाचा? कागदानं सरकारचा. ज्याच्या शेताचा तुकडा घेऊन तो बांधला त्या कुण्या शेतकऱ्याचा त्याहून जुना. मामाचा हक्क श्रमाचा, आक्काचा राहण्याचा. आमचा? आमचा हक्क नाही, आमची माया आहे. आणि मायेनं मालकी येत नाही, ऋण येतं. पंढरीला जाणारा वारकरी वाटेतल्या गावात एक रात्र टेकतो, पिठलं-भाकरी खातो आणि पुढं जातो. ते गाव माझं असं तो म्हणत नाही, पण जन्मभर त्या घराचं नाव घेतो. भीमाच पुढं चंद्रभागा होते, तेव्हा तिच्या काठच्या पाहुण्यानं एवढं तरी शिकावं.

म्हणून सुखाचं मूळ शोधू नये असं मी म्हणणार नाही. शोधावं. मात्र शोधताना दगडापाशी थांबू नये. जे सापडलं त्याच्या मागं पंचवीस-तीस पावलं चालत जावं आणि जो त्या जागेला आपल्याआधी ओळखत होता त्याला विचारावं, हितं काय होतं? तो काय सांगेल हे आपण आधी ठरवू नये. तो कदाचित दुःख सांगेल, कदाचित झोका सांगेल. बहुतेक दोन्ही.

भाच्यानं नंतर एक नकाशा काढला. त्यात बंगल्याचा आयत ठळक रेघेनं आहे, कारण त्याची मापं होती. मागचं दोन खणांचं घर तुटक रेघेनं आहे, आक्काच्या पावलांनी मोजलेलं. चूल, बाज, शेळी, तीनही जागा लिहिल्या आहेत. पाच पायऱ्यांपैकी चौथीवर पुराची खूण आहे. एक प्रत आक्काच्या मुलाला दिली. त्यानं ती आईला वाचून दाखवली तेव्हा तिनं एकच दुरुस्ती सांगितली: शेळी चुलीच्या इतकी जवळ नव्हती, धुरानं ओरडायची. भाच्यानं शेळी चार बोटं सरकवली.

त्याच पावसाळ्यात उजनी भरली. जोतं, चिंचेचं खोड आणि आक्कानं अंगठ्यानं ओढलेली रेघ, सगळं पुन्हा पाण्याखाली गेलं. सोलापूरला पाणी मिळालं, आक्काच्या मुलाच्या जाळ्यात मासे यायला लागले. बंगला पुन्हा दिसावा अशी इच्छा आता माझ्या मनात येत नाही; धरण भरलेलं असावं, हेच बरं. जे लिहून ठेवायचं होतं ते या खेपेला दोघींनी मिळून लिहिलं आहे.